घोडा शिवेपर्यंतच

रत्नागिरीत घोडा म्हटलं की लोकांना किनाऱ्यावरचा घोडा आठवतो. गळ्यात रंगीत गोंडे, पाठीवर रडणारं पोर, बाजूला फोटो काढणारी आई. सुरूच्या झाडांपर्यंत जायचं आणि परत यायचं. मीही सुरुवात तशीच केली, भाट्याच्या वाळूवर. दोन हंगामांत मला त्याचा कंटाळा आला, आणि माझ्या मते घोड्यांनाही आला होता.

माझं लहानपण पोफळीच्या कॉलनीत गेलं. वडील वीजघरात कामाला होते. मागच्या खिडकीतून सह्याद्रीचा कडा इतका जवळ दिसायचा की आई म्हणायची, वाळत घातलेली चादर उडून तिकडे गेली तर आणायला जाणार कोण. लग्न होऊन समुद्राकाठी आले. समुद्र चांगला आहे, माझं त्याच्याशी भांडण नाही, पण तो सपाट आहे. मला डोळे वर करून बघायची सवय. म्हणून एक दिवस मी घरात जाहीर केलं की घोडे डोंगरावर न्यायचे, तिथे तंबू ठोकायचे आणि हौशी माणसांना तीन-चार दिवस घाटमाथ्यावरून फिरवून आणायचं. घरात सगळ्यांनी मला वेड्यात काढलं. ज्यांनी काढलं तेच आता पाहुण्यांपुढे माझी टिमकी वाजवतात, आणि मीही ती वाजू देते.

दिवाळी झाली की आमच्या सहली सुरू होतात. घोडे टेम्पोतून पायथ्यापर्यंत जातात. तिथून पुढे जुनी वाट. पूर्वी मीठ आणि सुकी मासळी लादून बैलांचे तांडे ज्या वाटेनं घाट चढायचे, तीच ही वाट. वळसे घेत घेत वर जाते, त्यामुळे घोड्याला झेपते. घोडे चार. एक काळा, जरा आगाऊ. एक तांबडा, माझा स्वतःचा. एक तट्टू सामानासाठी. आणि एक पांढरी घोडी, वयस्क, शहाणी, जिच्या पाठीवर मी माझ्या सासूबाईंनाही निर्धास्तपणे बसवलं असतं. त्या बसल्या नाहीत ही गोष्ट वेगळी.

स्वयंपाकाला नवरा असतो. तो अर्धं वर्ष जहाजावर असतो आणि अर्धं वर्ष घरी. समुद्राच्या लाटांवर गाढ झोपणारा हा गृहस्थ घोड्यावर बसला की त्याला मळमळतं. म्हणून तो सगळा डोंगर पायी चढतो. पण तंबू त्याने बांधला की वारा काय, वादळ आलं तरी हलत नाही, आणि त्याच्या हातची कुळथाची पिठी खाऊन पुण्याचे लोकसुद्धा भांडं चाटतात. त्याच्या तोंडावर मी हे कधी म्हणत नाही, कारण मग तो दोन दिवस कुणाचं ऐकत नाही.

मागे एकदा पौषात एका माणसाचा मुंबईहून फोन आला. चाळिशीचा असावा, आवाज सभ्य, जरा दबलेला. म्हणाला, "वडिलांना डोंगरावर न्यायचंय. पण त्यांना चालता येत नाही."

"चालता येत नाही म्हणूनच घोडा असतो," मी म्हटलं.

"वय बरंच आहे हो त्यांचं."

"घोडीला सांगायचं नाही म्हणजे झालं."

तो हसला, आणि मग त्याने सगळं सांगितलं. त्यांचं गाव संगमेश्वराच्या बाजूला, सह्याद्रीच्या पायथ्याशी. आता पायथ्याशी, पण पूर्वी त्यांची वाडी वर होती, कड्याखालच्या एका सपाटीवर. रस्ता नाही, दवाखाना नाही, पोरांनी शाळेसाठी रोज डोंगर उतरायचा आणि चढायचा. एकेक घर खाली येत गेलं आणि शेवटी वाडी उठली. माणसं खाली आली, देव वरच राहिला. खाली फरशी घातलेलं देऊळ बांधलं, त्यात मूर्तीही बसवली. पण वाडीचा राखणदार उघड्यावर, झाडाखाली, पाषाणाच्या रूपात. त्याला हलवायचं नसतं. वर्षातून एकदा वर जाऊन त्याला नारळ द्यायचा आणि गाऱ्हाणं घालायचं, हा या वडिलांच्या घराण्याचा मान.

गाऱ्हाणं म्हणजे काय, हे कोकणातल्या माणसाला सांगायला नको. इतरांसाठी सांगते. देवापुढे उभं राहून, मोठ्याने, सगळ्या वाडीच्या वतीनं त्याच्याशी बोलायचं. विनंती, तक्रार, माफी, सगळं त्यात येतं. मानकरी एकेक वाक्य बोलतो आणि बाकीचे प्रत्येक वाक्याला ‘व्हय म्हाराजा’ म्हणतात. दर ठिकाणचे शब्द वेगळे असतात, आणि ते बापाच्या तोंडून मुलाच्या तोंडी जातात.

इथे ते गेलेच नव्हते. मुलगा मुंबईत वाढला. तो सुट्टीत यायचा तेव्हा गाऱ्हाण्याचा दिवस नसायचा. त्याला ‘व्हय म्हाराजा’ येत होतं, पुढचं मागचं काही नाही. भावकीतले जाणते एकेक करून गेले. आणि हे शब्द देवासमोर सोडून कुठेही उच्चारायचे नाहीत, असा त्यांच्या घरातला कडक नेम. मुलाने फोनवर रेकॉर्ड करू म्हटलं तर वडिलांनी तो फोन काढून घेऊन उशीखाली ठेवला. गुडघे गेल्यापासून काही वर्षं ते वर गेले नव्हते. म्हणजे एक तर ते वर पोचणार आणि मुलाला ते शब्द मिळणार, नाही तर गाऱ्हाणं त्यांच्याबरोबर जाणार.

"सरळ वाट आहे, पण ती नुसते दगड धरून चढायची," मुलगा म्हणाला. "डोलीतून नेऊ म्हटलं, तर डोलीतून आजारी माणसाला नेतात म्हणाले. मग मला तुमचा नंबर मिळाला. घोडा म्हटल्यावर तयार झाले. देव घोड्यावर बसतो, मग मला काय झालंय, म्हणाले."

मी म्हटलं, पोचवते. असं मी नेहमीच म्हणते, आणि पोचवतेही.

वाट मी आधी एकटीने बघून आले. सरळ चढणीने घोडा जाणं शक्य नव्हतं. पण बैलांच्या वाटेने दूरवर वळसा घेऊन घाटमाथ्यावर जायचं, कड्याच्या कडेकडेने चालायचं आणि मग वरून त्या सपाटीवर उतरायचं, हे जमण्यासारखं होतं. मधे मुक्काम दोन. माझ्या आयुष्यातली ती काही सर्वात अवघड वाट नव्हती, आणि मी तसं त्या मुलाला सांगूनही टाकलं.

म्हाताऱ्यांना मी पहिल्यांदा पाहिलं ते खालच्या वाडीत, त्यांच्या अंगणात. धोतर, वर स्वेटर, कानाला मफलर, हातात काठी, शेजारी पिशवीत नारळ. अंगाने काटकुळे. आवाज मात्र असा की कोंबड्या बाजूला झाल्या.

"काय गो बाये, ही घोडी चावती काय?"

"चांगल्या माणसाला नाही चावत, काका."

"मंग माझ्या पोराला सांभाळ," ते म्हणाले, आणि स्वतःच खदखदा हसले.

घोडीवर चढवायला उंचवटा हवा होता. त्यांच्या परसाला दगडांचा गडगा होता, त्यावर त्यांना उभं केलं, घोडी गडग्याला लावली, मुलाने एक पाय पलीकडे टाकून दिला आणि काका बसले. रिकिबीची लांबी मी नीट केली, पोटाखालचा तंग पुन्हा आवळला. सगळी वाडी बघायला जमली होती. कुणीतरी म्हणालं, नवरदेव शोभतोय.

"आमच्यात लग्नाला घोडा नसतो," काका वरून म्हणाले. "मी चालत गेलो, चालत आलो. बायको मागनं चालत आली. हितं पयल्यांदा बसतोय."

पहिल्याच मुक्कामाला नवऱ्याची पंचाईत झाली. त्याने जवळा भाजायला काढला आणि काकांनी काठी वर केली. देवाला नारळ दिल्याशिवाय मासळी नाही. नवरा बिचारा भात-पिठीवर आला. त्याने ती जवळ्याची पुडी अशा काही तोंडाने परत बांधली की मला हसू आवरेना. समुद्रावरचा माणूस महिनाभर माती बघितली नाही तरी चालवून घेतो, मासळीवाचून दोन दिवस काढायचे म्हणजे त्याची सत्त्वपरीक्षा. मुलगा त्याला हळूच म्हणाला, "दादा, मीही तुमच्याच बाजूचा आहे."

काका घोडीवर फार छान बसायचे. हे मी कौतुकाने सांगत नाही, मला घोड्यावर बसलेल्या माणसातलं कळतं. घोडेस्वारी शिकलेली माणसं लगाम ओढून धरतात, मांड्या आवळतात आणि संध्याकाळी कण्हतात. काका नांगरामागे उभं राहिल्यासारखे सैल बसत. चढ आला की पुढे झुकत, उतार आला की मागे. मी फक्त एकदा सांगितलं, तेही अर्धंच. त्यांच्या मुलाला मात्र काळ्याने चांगलंच नाचवलं. मधेच गवतात तोंड घालून उभा राहायचा, आणि हा वरून त्याला "प्लीज" म्हणायचा. घोड्याला प्लीज म्हणणारा माणूस मी तोवर पाहिला नव्हता.

दुसऱ्या दिवशी दुपारी घाटमाथ्यावर पोचलो. वर वारा भन्नाट आणि गवत पिवळं पडलेलं. घोड्यांच्या तोंडाला हरभऱ्याच्या चंदीचे तोबरे बांधले आणि आम्ही आडोशाला चहा घेत बसलो. काकांनी मला कड्याच्या कडेपासून जरा अलीकडे उभं राहून खाली बोट दाखवलं. कड्याखाली हिरव्या झाडीचा एक तुकडा दिसत होता. घरांच्या जागी आता नुसते चौथरे. एक फणस, दोन आंबे, आणि बाजूच्या टेपाडावर एक मोठं झाड.

"ता झाड दिसतंय? त्याच्या बुडाला देव."

मुलगा उठून बघायला आला. तो शेवटचा तिथे गेला तेव्हा चड्डीत होता, असं काका म्हणाले. मुलाने फोन खिशात ठेवला आणि कितीतरी वेळ तो खाली बघत राहिला.

मग काकांनी चहाचा पेला खाली ठेवला. "बाये, येक सांगतो. तू रागावशील."

"रागावण्यासारखं असेल तर रागावेनच."

"शिवंवर येक उभा धोंडा हाय. त्याच्या म्होरं घोड्यावर बसून जायाचं नाय."

मी पेला हातात तसाच धरला. "म्हणजे?"

"थितं देवाचा घोडा हाय, दगडाचा. त्याच्या शिवंत दुसरा कोन घोड्यावर बसत नाय. पूर्वी सायेब आला तरी उतरायचा. मलापन उतरायला लागंल."

"आणि तिथून देव किती लांब?"

"ह्यो टेपाड चढला की झाला."

टेपाड मला इथूनही दिसत होतं, आणि त्याचा चढही दिसत होता. धडधाकट माणूस सुपारी कातरत जाईल एवढाच. पण काकांना अंगणातून गडग्यापर्यंत यायला दोनदा थांबावं लागलं होतं. मी भडकले. "हे खाली का नाही सांगितलंत?"

"सांगितलं असतं तर आनलं असतंस?"

"आणलंच असतं! पण काहीतरी तयारी करून आणलं असतं!"

"मंग आता कर," काका म्हणाले, आणि शांतपणे चहा प्यायले.

मला त्या क्षणी त्यांचा राग आला होता आणि ते आवडलेही होते. दोन्ही एकदम. माझ्या घरात माझ्यापुढे असं बोलणारं कुणी नाही.

नवऱ्याने लगेच दोऱ्या काढल्या. जहाजाच्या बाजूला रंग द्यायला माणूस सोडतात तशी दोरीची बैठक करतो, म्हणाला, दोघं मिळून अलगद वर नेऊ. मुलगा म्हणाला, मी पाठीवर घेतो, त्यांनी मला घेतलंच ना लहानपणी. काकांनी दोघांनाही हाताने थांबवलं. मानकरी देवापुढे आपल्या पायाने जातो. लोकांच्या खांद्यावरून एकदाच जायचं, ते पण देवाकडेच, तेव्हा त्याची घाई नको. असं म्हणून ते पुन्हा हसले. आम्ही कोणी हसलो नाही.

"चालंन मी," ते म्हणाले. "बगालच तुमी."

तिसऱ्या दिवशी सकाळी आम्ही कड्यावरून खाली उतरायला लागलो. या उताराला कुणाला बसू देत नाही मी, पण काकांना दुसरा इलाज नव्हता. मुलगा आणि नवरा बाकीचे घोडे घेऊन मागे. मी पांढरीच्या पुढे, तिची दोरी हातात, पावलापावलाला तिच्याशी बोलत. वाट सुट्या मुरमाची. एका वळणावर तिचा मागचा पाय सटकला आणि खडे कड्यावरून खाली गेले. तिने स्वतःला सावरलं. काका वरून एवढंच म्हणाले, "शाबास बायो." मला म्हणाले की घोडीला, मी विचारलं नाही. दोघींनाही लागू होतं.

शिवेचा धोंडा कमरेएवढा होता, शेंदूर कधीचा उडालेला. तिथे मी घोडी थांबवली. काकांना उतरवलं. नवऱ्याने झऱ्याचं पाणी आणलं, काकांनी पाय धुतले, चपला धोंड्याच्या अलीकडे ठेवल्या, मफलर काढून डोक्याला गुंडाळला. समोर टेपाडाचा चढ, त्यात जुन्या दगडी पायऱ्या. बऱ्याच पायऱ्या पावसाने उखडून टाकलेल्या. वर झाडाखाली देव स्वच्छ दिसत होता. काळा पाषाण, आणि त्याच्या बाजूला गुडघ्याएवढा दगडी घोडा.

एका हातात काठी, दुसऱ्या हाताने मुलाचा दंड, असे काका निघाले. चार पावलं चांगली गेली. पहिली पायरी चढले. दुसरीला उजवा गुडघा वाकला तो सरळच होईना. मुलाने सावरलं. ते थांबले, दम घेतला, पुन्हा पाय उचलला, आणि यावेळी खालीच बसले. मग पुन्हा उठले. मी इथे लिहीत नाही किती वेळा. शेवटी ते पायरीवर बसून राहिले, काठी आडवी टाकून, आणि गुडघ्यावर मुठी मारायला लागले. मुलाने त्यांचे हात धरले.

"बाबा, पुरे."

"सोड."

"पुरे ना बाबा. दिसतोय ना देव? इथूनच हात जोडू."

काकांनी वर बघितलं. मग म्हणाले, "तू जा. नारळ दे."

"आणि बोलू काय?" मुलगा म्हणाला.

त्याच्या बोलण्यात काही वाकडं नव्हतं, साधा प्रश्न होता. पण काकांचा चेहरा पडला तो मला बघवेना. एवढा डोंगर चढून उतरून आलो, घोडी जिवावर उदार होऊन आली, आणि तो म्हातारा माणूस देवापासून हाकेच्या अंतरावर बसून रडायच्या बेतात होता. मला रडणं जमत नाही, मला राग येतो. तो आला.

"काका," मी म्हटलं, "नेम काय आहे? देवासमोर बोलायचं, हाच ना?"

"व्हय."

"मग देवासमोर म्हणजे किती समोर? मधे भिंत आहे?"

"नाय."

"पडदा आहे? तो तुम्हाला दिसतोय?"

"दिसतोय."

"तुम्ही त्याला दिसताय?"

त्यांनी डोक्यावरचा मफलर सारखा केला.

"मग समोरच आहात," मी म्हटलं. "शिवेच्या आत आहात, आपल्या पायांनी आलात. गुडघे गेले असतील, घसा गेलेला नाही. मुलाला वर उभा करा. तुम्ही इथून बोला, तो तिथून बोलेल. देव बहिरा असेल तर मात्र मला सांगा."

नवऱ्याने माझ्याकडे असं पाहिलं की आता देवाचंही काढलंस. काकांनी एकदा वर पाहिलं, एकदा मुलाकडे. मग काठी माझ्याकडे दिली.

"उभा कर मला. बसून नाय बोलायचं."

त्यांना उभं राहायला आधार हवा होता, आणि माणसाचा नको होता. आम्ही त्यांना पुन्हा खाली धोंड्यापाशी आणलं. मी पांढरीला पुढे घेतलं, तिचे खूर धोंड्याच्या अलीकडेच राहतील एवढं बघून. तिने मान पलीकडे लांब केली. काका शिवेच्या आत उभे राहिले आणि त्यांनी तिच्या मानेवर हात टाकला. घोडी हलली नाही. मुलगा नारळ घेऊन पायऱ्या चढून वर गेला आणि देवापुढे उभा राहिला, आमच्याकडे पाठ करून. नवरा आणि मी काकांच्या दोन बाजूंना.

"मी म्हनंन तसा म्हन," काकांनी हाळी दिली. "येक शबुद हिकडंतिकडं नको!"

"हो बाबा!"

आणि काकांनी सुरुवात केली. त्या काटकुळ्या अंगातून तो आवाज कुठून येत होता कुणास ठाऊक. समोरच्या कड्यावर आपटून तो परत येत होता.

"बा वाडीच्या राखनदारा म्हाराजा!"

वरून मुलाचा आवाज आला, जरा चाचरत. "बा वाडीच्या राखणदारा महाराजा!"

"व्हय म्हाराजा!" आम्ही दोघं ओरडलो. बायकांनी ‘व्हय’ म्हणायचं असतं की नाही हे मी विचारलं नाही, आणि मला कुणी अडवलंही नाही.

"तुझी लेकरा तुला सोडून खाली गेली, त्याचा राग धरू नको म्हाराजा!"

मुलगा म्हणाला. आम्ही व्हय म्हटलं.

"मधली सालं तुझ्या दारात कोन आला नाय, ती चूक पोटात घाल म्हाराजा!"

मुलगा म्हणाला. आम्ही व्हय म्हटलं.

"जी पोरा मुंबयला हायत, परमुलखात हायत, दर्यावर हायत, त्यांच्या पाठीशी उभा ऱ्हा म्हाराजा!"

इथे नवऱ्याने इतक्या जोरात ‘व्हय’ म्हटलं की पांढरीने कान फिरवले. दर्यावर हायत हे मूळचं गाऱ्हाण्यात होतं की काकांनी त्याच्यासाठी घातलं, मला अजून माहीत नाही. डोंगरातल्या वाडीच्या गाऱ्हाण्यात दर्या कुठून येईल, असं मला वाटतं. पण त्यावेळी कुणाला शंका काढायची नव्हती. गुराढोरांसाठी मागून झालं. भातासाठी मागून झालं, जे तिथे आता कुणी लावत नाही. आल्या-गेल्यासाठी, आणि ज्याने वाट दाखवली त्याच्यासाठी. दर वाक्याला मुलाचा आवाज सरळ होत गेला. सुरुवातीला तो नुसता म्हणून दाखवत होता. पुढे पुढे तो काकांचं वाक्य संपायच्या आधीच श्वास घ्यायला लागला, आणि ‘महाराजा’चं ‘म्हाराजा’ कधी झालं ते त्यालाही कळलं नसेल. काका घोडीच्या आयाळीत बोटं रुतवून, डोळे देवावर ठेवून, शब्दामागून शब्द वर पाठवत होते.

मग ते थांबले. घोडीच्या मानेवरचा हात काढला. एक क्षण कशाचाही आधार न घेता उभे राहिले.

"आज ह्यो नारळ दिलाय तो मानून घे. म्होरल्या सालापासनं तुझ्या दारात उभा ऱ्हाईल, तो तुझा मानकरी..."

आणि त्यांनी नाव घेतलं.

वरून काही आवाज आला नाही. मुलगा मागे वळला. एवढ्या वेळात तो एकदाही वळला नव्हता.

"बाबा," तो वरून म्हणाला, "इथे तुमचं नाव येतं ना?"

"मी बोललो तसा म्हन."

"बाबा, पण अजून तुम्ही..."

"येक शबुद हिकडंतिकडं नको बोललो ना!" काका गरजले. मग जरा खालच्या आवाजात, पण त्याला ऐकू जाईल असं, "म्हन रे बाबू. देव थांबलाय."

मुलगा पुन्हा देवाकडे वळला. त्याने नारळ दोन्ही हातांत धरला, आणि तुझा मानकरी म्हणून स्वतःचं नाव घेतलं. पूर्ण नाव, मधे वडिलांचं घालून.

कड्यावरून ते नाव परत आलं आणि विरलं. नारळ फुटल्याचा आवाज यायला हवा होता, तो येईना. मुलगा तसाच उभा. मग काका माझ्याकडे वळले. त्यांच्या गालांवरून पाणी वाहत होतं आणि ते पुसत नव्हते.

"बाये," ते म्हणाले, "व्हय कोन म्हनायचा? त्यो थांबलाय तुमच्यासाठी."

नवरा खाली मान घालून उभा होता. मी घसा साफ केला, दोनदा केला, आणि म्हटलं.

"व्हय म्हाराजा."